जबाबदारी आणि जबाब : प्राथमिक शाळेच्या आठवणींचे एक वाचन

१

प्राथमिक शाळेच्या आठवणी सांगताना मराठी माणूस ज्या शब्दाशी हमखास येऊन थांबतो, तो शब्द 'जबाबदारी' हा होय. घंटेचे टोल देणे, फळा पुसणे, रांजण भरणे, वर्ग झाडणे, शनिवारी जमीन सारवणे, गुरुजी बाहेर गेले असता वर्ग गप्प ठेवणे, बडबडणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे अशी ही कामे असतात. शिकविलेला धडा पुष्कळदा विसरला जातो. पण ही कामे कोणत्या वर्षी, कोणत्या कोपऱ्यात आणि कोणाबरोबर केली, हे पन्नास वर्षांनंतरही तपशिलाने आठवते. अशा आठवणींचा शेवटही बहुधा ठरलेला असतो. 'तेव्हा त्या लहान लहान जबाबदाऱ्यांनीच आम्हांला घडविले' या अर्थाचे एखादे वाक्य येते आणि आठवण संपते.

मराठी समीक्षेने या वाक्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. त्यात एक नैतिक निष्कर्ष आहे आणि तो इतका सर्वमान्य आहे की त्याची तपासणी करावी असे कोणाला वाटत नाही. परंतु एकाच शाळेतल्या, एकाच वर्गातल्या दोन मुलांना एकच काम दोन निरनिराळ्या कारणांनी सांगितले गेले असेल, तर त्या कामाला 'जबाबदारी' हे एकच नाव देता येईल काय? मराठीतील आणि मराठीबाहेरील काही आत्मकथनांच्या आधारे हा प्रश्न तपासता येतो. हा प्रश्न समाजशास्त्राच्या कक्षेत ढकलून समीक्षेला मोकळे होता येणार नाही. तो निवेदनाच्या भाषेचा प्रश्न आहे आणि त्याची खूण वाक्यातील क्रियापदात सापडते.

या चर्चेसाठी शहागंजातून निघणे सोयीचे आहे. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहराच्या जुन्या भागातील हा चौक. मशीद, घड्याळाचा मनोरा, गांधीजींचा पुतळा आणि त्यांच्याभोवती पसरलेला बाजार हे त्याचे रूप शहरातील कोणालाही परिचित आहे. मराठी, दखनी उर्दू आणि व्यापारी घराण्यांच्या बोली येथे एकमेकींना लागून नांदल्या. शब्दांची सरमिसळ ज्या वस्तीच्या अंगवळणी पडली आहे, तेथे 'जबाबदारी' या शब्दाचे मूळ शोधायला कोशाची गरज पडत नाही. अरबी 'जवाब' आणि फारसी 'दार' यांच्या जोडीतून आलेला हा शब्द आहे. ज्याला उत्तर द्यावे लागते तो जबाबदार. 'जबाब नोंदविणे' आणि 'जाब विचारणे' हे मराठीचे नित्याचे प्रयोग याच कुळातले. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी काम नाही, बोलणे आहे. प्राथमिक शाळेने मुलाला काम दिले तेव्हा बोलण्याचा अधिकारही दिला होता काय, ही या चर्चेची मुख्य शंका आहे.

२

शाळेतल्या एकाच कृतीला मराठी आठवणींत चार निरनिराळे शब्द येतात : पाळी, मान, काम आणि शिक्षा. 'आज झाडायची पाळी माझी होती' या वाक्यात उद्या ती दुसऱ्या कोणाची तरी असणार हे गृहीत आहे. पाळी फिरते, आणि तिच्या फिरण्यात समता आहे. 'घंटा वाजविण्याचा मान मला मिळे' या वाक्यात निवड आहे. निवडणारा आहे आणि न निवडलेलेही आहेत. 'झाडण्याचे काम आमच्याकडे असे' या वाक्यातील 'आमच्याकडे' हा शब्द तपासण्यासारखा आहे. तो वर्ग सुचवतो की वस्ती, की जात, हे वाक्य सांगत नाही. ऐकणाऱ्याला ते माहीत असते. चौथा शब्द 'शिक्षा'. या शब्दाने मूळच्या संस्कृतात शिकणे आणि शिकविणे सुचविले, आजच्या मराठीत मात्र तो दंडापुरता उरला. दंड म्हणून दिलेले झाडण्याचे काम आणि पाळी म्हणून आलेले झाडण्याचे काम यांत झाडूचा फरक नसतो. फरक असतो तो वर्गातील इतरांच्या नजरेत.

'जबाबदारी' हा शब्द या चारही अर्थांवर एकच पांघरूण घालतो. स्मरणरंजनाला तो प्रिय आहे याचे कारण हेच. या शब्दाच्या आधाराने मान मिळालेला विद्यार्थी आणि काम लादला गेलेला विद्यार्थी एकाच 'आम्ही'मध्ये सामावतात. शाळांच्या महोत्सवी स्मरणिकांमधून येणाऱ्या लेखांचा निवेदक बहुधा हा 'आम्ही' असतो. या 'आम्ही'त खोटेपणा असतोच असे नाही. लहान मुलाला वर्ग हे एक कुटुंब वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती भावना प्रौढपणी आठवणे हाही अपराध नव्हे. परंतु आठवण लिहिणारा आता लहान राहिलेला नसतो. मुलाला तेव्हा काय दिसले आणि प्रौढाला आता काय कळते, या दोहोंमधील अंतर हीच आत्मकथनाची भूमी. ते अंतर बुजवून टाकणारे लेखन गोड होते, पण आत्मकथनाची पहिली अटच चुकवते.

दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) हे अंतर रचनेतच आणले. तेथे दगडू आणि दया पवार हे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर येतात. एक सांगतो आणि दुसरा ऐकतो. शिकून शहरी झालेला माणूस आपल्याच बालपणाचा श्रोता होतो. या रचनेची चर्चा आजवर मुख्यतः दुभंगलेल्या अस्मितेच्या अंगाने झाली. तिच्यात एक नैतिक शिस्तही आहे. बालपणीचे कष्ट गोड करून सांगण्याचा मोह झालाच तर समोर बसलेला दुसरा तो चालू देत नाही.

३

'पाळी' या कल्पनेमागे महाराष्ट्रात एक ध्येयवादी परंपरा उभी आहे आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना तेथील छात्रालय सांभाळीत. मुलांनी आपापली खोली स्वच्छ ठेवावी हे त्यांनी उपदेशाने शिकविले नाही. मुले नसताना ते स्वतःच खोल्या झाडीत, पसरलेले आवरून ठेवीत. मुलाला लाज वाटावी आणि त्या लाजेतून सवय लागावी, ही ती पद्धत. तिची खरी ताकद अशी की झाडू प्रथम शिक्षकाच्या हाती जातो. सांगणारा आणि करणारा यांच्यातील उतरंड तेथे काही क्षणांपुरती तरी उलटी होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली सातारा येथे निरनिराळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. स्वयंपाक, पाणी, झाडलोट ही कामे मुलांनीच करावयाची आणि जेवायलाही एकाच पंगतीत बसावयाचे, हा तेथील क्रम होता. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीम योजनेने हस्तोद्योगाला अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आणले. या सर्व प्रयत्नांत श्रमाला प्रतिष्ठा देण्याची भाषा आहे. तरीही त्यांच्यात एक भेद करावा लागतो. साताऱ्याच्या वसतिगृहात स्वयंपाकाची पाळी जातीच्या रेषा ओलांडून फिरत होती. ज्याच्या हातचे पाणी घरी चालत नव्हते, त्याच्या हातचे अन्न तेथे खाल्ले जात होते. पाळीला अर्थ येतो तो यामुळे. पाळी झाडूपाशी फिरते आणि रांजणापाशी थांबते, असे जेथे घडते तेथे श्रमप्रतिष्ठा हा शब्द पोकळ होतो.

रांजणाचा हा मुद्दा समजण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या इंग्रजी आत्मपर लेखनाकडे जावे लागते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. याच संस्थेने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि खाम नदीपलीकडे नागसेनवन उभे केले. या लेखनात शाळेच्या दोन आठवणी शेजारी शेजारी येतात. एक नळाची : इतर मुले तहान लागली की नळ उघडून पाणी पिऊ शकत, या मुलासाठी मात्र शिपायाने नळ उघडावा लागे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नसे. दुसरी गोणपाटाची : वर्गात वेगळे बसण्यासाठी असलेला गोणपाटाचा तुकडा शाळेची झाडलोट करणारा नोकर हाताळीत नसे, म्हणून तो तुकडा मुलाने संध्याकाळी घरी न्यावयाचा आणि सकाळी पुन्हा आणावयाचा.

'विद्यार्थ्याची जबाबदारी' या विषयावरील सगळी चर्चा या गोणपाटाच्या तुकड्यापाशी थबकते. आपली वस्तू आपण सांभाळावी, रोज न विसरता आणावी, हा शाळेचा नित्याचा उपदेश. तो येथे अक्षरशः पाळला गेला आहे. पण या पाळण्यातून मूल काय शिकले? आपण बसतो ती जागासुद्धा शाळेची नाही, ती पाठीवर वाहून आणावी लागते, हे शिकले. आणि नळाच्या आठवणीत तर कामाचाच अभाव आहे. पाणी देण्याचे काम ज्याच्याकडून कधीच घेतले जाणार नाही, असे हे मूल. कोणते काम दिले याइतकेच कोणते काम कधीही दिले गेले नाही, हेही आत्मकथनाच्या वाचकाने विचारले पाहिजे. स्मरणिकेतील 'आम्ही रांजण भरत असू' या वाक्यातील 'आम्ही' किती जणांचा होता, याचा हिशेब त्या वाक्यात नसतो.

आंबेडकरांच्या निवेदनाची शैलीही येथे लक्षणीय आहे. तक्रारीचा सूर नाही, भावनेचे विशेषण नाही. नियम, नियमाचा परिणाम आणि अपवादाचा अभाव, एवढेच मांडले आहे. एखाद्या साक्षीदाराने जबाब नोंदवावा तशी ही भाषा आहे. 'जबाब' या शब्दाचा न्यायालयीन अर्थ आत्मकथनाच्या भाषेत असा उतरतो.

४

'मान' या शब्दाचा सर्वांत समृद्ध आविष्कार आनंद यादवांच्या 'झोंबी'त (१९८७) सापडतो. कागलच्या शेतकरी घरातला हा मुलगा. वडिलांनी त्याला शाळेतून काढून शेतीला जुंपले आहे. आई आणि मुलगा मिळून गावातील एका वजनदार माणसाच्या मध्यस्थीने वडिलांना वळवितात. वडील अटी घालतात : सकाळी अकरापर्यंत शेताला पाणी पाजायचे, मग शाळा, शाळेनंतर गुरे चारायची, आणि कामाची गर्दी असेल त्या दिवशी शाळा नाही. मुलगा अटी मान्य करतो. करार दोन बाजूंचा आहे, फक्त एका बाजूला शिकण्याची भूक आहे आणि दुसऱ्या बाजूला सत्ता.

वर्गात गेल्यावर या मुलाला वसंत पाटील नावाचा हुशार मॉनिटर दिसतो. त्याची गणिते बिनचूक असतात आणि गुरुजी इतरांची गणिते तपासण्याचे काम त्याच्यावर सोपवतात. कथानायक त्याच्यासारखे वागू लागतो, वह्यापुस्तके नीट ठेवतो, एकाग्र होतो आणि हळूहळू तेच काम त्याच्याकडेही येते. या प्रसंगाचे महत्त्व असे की मान येथे जन्माने मिळालेला नाही. तो कमावलेला आहे. घरी ज्याच्यावर कामे लादली जातात, त्याला वर्गात प्रथमच विश्वासाने काम दिले जाते. दोन्हीकडे श्रमच आहेत, पण एका ठिकाणी श्रमाने स्वतःचे नाव मिळते.

'झोंबी'चा वाचक या यशकथेत सहज रमतो, आणि रमावे अशीच ती आहे. तरी तिची दुसरी बाजूही संहितेत हजर आहे. मॉनिटरचा मान हा इतरांवर नजर ठेवण्याचा अधिकार असतो. मान देणारी शाळा मुलांमधूनच एकाला आपल्या बाजूला घेते. शेतात बापाची नजर मुलावर. वर्गात तोच मुलगा इतरांच्या पाटीवर नजर ठेवतो. यादवांनी याचा उच्चार केलेला नाही, आणि तो करायला हवा होता असेही नाही. परंतु शेतातील सकाळ आणि वर्गातील दुपार यांची वर्णने सलग वाचली तर जबाबदारीची ही दोन रूपे एकमेकांवर प्रकाश टाकतात. गुरे चारताना दगडावर कविता कोरणारा मुलगा या दोन्हींच्या बाहेर पडतो. तेथे त्याच्यावर कोणाची नजर नाही आणि त्याची कोणावर नाही. कवितेचा जन्म त्या मोकळ्या तासात होतो, हा योगायोग नव्हे.

शहागंजाच्या घड्याळाकडे येथे पुन्हा पाहता येईल. सार्वजनिक घड्याळ सर्वांना एकच वेळ दाखवते. शाळेची घंटाही सर्वांसाठी एकच असते. परंतु घंटेपूर्वीचे तास सर्वांचे सारखे नसतात. कोणी दुकानाच्या फळ्या उघडून, कोणी भाजीचे गाठोडे उतरवून, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शाळेत येते. उशिरा आलेल्या मुलाला शाळा 'उशीर का झाला' असे विचारते आणि उत्तराची वाट न पाहता उभे करते. 'झोंबी'ने या न ऐकलेल्या उत्तराला सविस्तर वाचा दिली, हे त्या ग्रंथाचे मोठेपण आहे. याच अंगाने प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) वाचावयास हवे. लहानपणीच पोरके होऊन नातलगांच्या आश्रयाने वाढलेल्या आणि पुढे नागसेनवनात पोहोचलेल्या या लेखकाच्या आठवणींत, घरची कामे ही आश्रयाची किंमत म्हणून येतात. तेथे शाळा ही नवी जबाबदारी नसून जबाबदाऱ्यांपासून मिळालेली सुटका असते. मध्यमवर्गीय आठवणींत नेमके याच्या उलट घडते. तेथे घर मोकळे आणि शाळा कडक.

५

'काम' आणि 'शिक्षा' या दोन शब्दांमधील सीमारेषा जेथे पुसली जाते, तेथे दलित आत्मकथनांतील शाळा सुरू होते. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या 'जूठन' (१९९७) या हिंदी आत्मकथेत मुख्याध्यापक मुलाला वर्गात बसू न देता शाळेचे आवार झाडायला लावतात. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो वर्गात गुपचूप जाऊन बसला असता त्याला ओढून बाहेर काढले जाते. या झाडण्याला पाळी नाही, मान नाही. गुन्हा घडलेला नाही, म्हणून ती शिक्षाही नाही. ते जातीने ठरवलेले काम आहे, आणि शाळा त्याला जागा पुरवते. प्रसंगाचे वळण मात्र वेगळे आहे. रस्त्याने जाणारे वडील मुलाच्या हातातील झाडू पाहतात, तो हिसकावून फेकतात आणि मोठ्या आवाजात मुख्याध्यापकांना जाब विचारतात.

उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) याचे कोकणी भावंड सापडते. शाळेच्या आवारातील शेण उचलण्याचे काम गुरुजी या मुलीला सांगतात आणि पुढे एके दिवशी मारतातही. आयदाने विणून संसार चालविणारी विधवा आई त्याच गुरुजींना घरासमोरून जाताना अडवते आणि मुलीवर हात टाकल्याबद्दल खडसावते. दोन भाषा, दोन प्रांत, एकीकडे बाप आणि दुसरीकडे आई. पण रचना एकच आहे. मूल उत्तर देऊ शकत नाही. त्याच्या वतीने निरक्षर पालक बोलतो. आणि या बोलण्याने मुलाच्या मनातील शाळेची भीती मोडते. ज्यांना शाळेने कधी आत घेतले नाही, ती माणसे शाळेला जबाबदार धरतात. जबाबदारीचा प्रवाह येथे उलटा वाहू लागतो : विद्यार्थ्याची शाळेप्रति जबाबदारी हा विषय मागे पडतो आणि शाळेची विद्यार्थ्याप्रति जबाबदारी हा विषय पुढे येतो.

ज्याच्या वतीने बोलायला कोणी नाही, त्याचे काय? शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'तील (१९८४) सहलीचा प्रसंग या प्रश्नाचे उत्तर आहे. शाळेची सहल निघते. सवर्ण मुले एका झाडाखाली जेवतात, महार मुले दुसऱ्या झाडाखाली. उरलेले अन्न यांच्या वाट्याला येते. नंतर गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात, आणि मुलाला तो कसा सुरू करावा हे कळत नाही.

निबंध लिहिणे ही विद्यार्थ्याची सर्वांत निरुपद्रवी वाटणारी जबाबदारी. विषय दिलेला, सुरुवात ठरलेली, शेवटही ठरलेला : सकाळची प्रसन्न वेळ, निसर्गशोभा, आनंदात गेलेला दिवस. ही निबंधाची साचेबंद भाषा ज्याला येत नाही त्याला शाळा कच्चा ठरवते. लिंबाळे यांच्या प्रसंगात मुलाला भाषा येत नाही असे नव्हे. त्या भाषेत त्याचा दिवस मावत नाही. खरा दिवस लिहिला तर तो निबंध राहणार नाही, आणि निबंध लिहिला तर तो त्याचा दिवस राहणार नाही. त्या दिवशी कोरी राहिलेली वही पुढे 'अक्करमाशी'च्या रूपाने भरली गेली, असे म्हणण्यास वाव आहे. शाळेने मागितलेला जबाब मूल त्या वेळी देऊ शकले नाही. प्रौढ लेखकाने तो दिला, पण शाळेला अपेक्षित असलेल्या भाषेत दिला नाही.

या निबंधाला मराठीत एक ज्येष्ठ पूर्वज आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. तोही शाळकरी निबंधच. फरक एवढाच की त्या शाळेत मुलीला तिचा खरा दिवस लिहिण्याची मुभा होती. १८५५ मध्ये जो निबंध शाळेत लिहिता आला, तो त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी सोलापूर जिल्ह्यातील एका गावच्या शाळेत लिहिता आला नाही. मराठी शिक्षणाचा इतिहास प्रगतीच्या सरळ रेषेने मांडणाऱ्यांनी या दोन निबंधांमधील अंतराचा विचार करणे अगत्याचे आहे.

६

अखेरीस पुन्हा शहागंजाकडे वळावे लागते, कारण वर चर्चिलेल्या ग्रंथांच्या नकाशावर ही वस्ती दिसत नाही. कागल, धामणगाव, हन्नूर ही गावे त्यांच्या शाळांसह मराठी साहित्यात आली. मराठवाड्यातील जुन्या शहराच्या मोहल्ल्यातील प्राथमिक शाळा मात्र त्या ठळकपणे आलेली नाही. तिच्या आठवणी मुख्यतः बोलण्यात राहिल्या. त्याचे एक कारण या प्रदेशाच्या इतिहासात आहे.

हैदराबाद संस्थानात शिक्षणाच्या पायऱ्यांची नावेही फारसी-अरबी होती : तहतानिया, वस्तानिया, फौकानिया. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, आणि वरच्या शिक्षणाकडे जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलाला उर्दूच्या दारातूनच जावे लागे. औरंगाबादेत १९१५ साली सुरू झालेल्या सरस्वती भुवनसारख्या संस्थांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. साहजिकच १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीच्या शाळेच्या आठवणी भाषिक अन्यायाच्या सूत्राभोवती रचल्या गेल्या. ते सूत्र खरे आहे. त्याचा उपहास कोणी करू नये. परंतु एका मोठ्या अन्यायाची कथा सांगताना 'आम्ही' फार घट्ट होतो. परकी भाषा लादली गेलेला सगळा वर्ग एका बाजूला येतो, आणि त्या वर्गात रांजण कोणी भरला, बाहेर कोण बसला, झाडू कोणाच्या हाती होता, हे प्रश्न मागे पडतात. तसेच त्या वर्गातील उर्दूभाषक गरीब मुलाची आठवणही पडद्याआड जाते. राज्यकर्त्याची भाषा बोलत असल्याने तो राज्यकर्ता ठरत नव्हता. शाळेपूर्वी बाजारात हमाली करणाऱ्या बापाला मदत करण्याचे त्याचे तास कोणत्याही भाषेत तितकेच लांब होते.

येथे एक आक्षेप संभवतो. साध्या, निर्व्याज आठवणीवर एवढा भार टाकावा काय? बालपणाला थोडी निरागसता असू द्यावी, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक आठवणीला आरोपपत्राचे रूप आले तर साहित्य कोरडे होईल. पण वर पाहिलेली आत्मकथने निरागसता नाकारीत नाहीत. 'झोंबी'तील वर्गाचे प्रेम, 'आयदान'मधील खोडकरपणा, आंबेडकरांच्या लेखनातील संयम हे सर्व आठवणीच्या प्रेमातूनच आलेले आहे. निरागसता ही मुलाची असते. तिची निवेदकाने घेतलेली नक्कल ही निरागसता नव्हे. मुलाला माहीत नव्हते, हे लिहिणे सत्य आहे. आपल्यालाही अद्याप माहीत नाही, असे भासविणे हा स्मरणरंजनाचा दोष आहे.

म्हणून प्राथमिक शाळेच्या आठवणींचे मूल्यमापन करताना समीक्षेने एक साधी कसोटी हाती धरावी. ज्या कामांना लेखक जबाबदाऱ्या म्हणतो, त्यांच्यापैकी कोणती पाळीने फिरत होती, कोणती मानाने मिळत होती, कोणती जन्माने येत होती आणि कोणती शिक्षा होती, याचे भान त्या लेखनाला आहे काय? हे भान लेखनाला पांडित्याने येत नाही. 'आम्ही' म्हणताना लेखकाने एकदा मागच्या बाकाकडे, दाराबाहेर बसलेल्या मुलाकडे आणि त्या दिवशी न आलेल्या मुलीकडे वळून पाहिले तरी ते येते. शहागंजातील एखाद्या शाळेची आठवण अशा भानाने लिहिली जाईल तेव्हा मराठी आत्मकथनाच्या नकाशावर एक जागा भरेल. त्या लेखनात रांजण असेल, घंटा असेल, घड्याळही असेल. आणि रांजणावरचे भांडे कोणाच्या हाताला लागू दिले जात नव्हते, याचे उत्तरही असेल. 'जबाबदारी' या शब्दातील 'जबाब' हा अंश तेव्हा त्याला परत मिळेल.